लांब, आखूड, लांब

मत्रहच्या धक्क्यावर शुक्रवारी
मासळीबाजार उघडतो तेव्हा मी असते.
सुरमईला इथे कनअद म्हणतात.
भाव ऐकून बाबांनी नुसती मान हलवली असती.
पण मी मासे घ्यायला येत नाही,
मी दगड वाचायला येते.

बंदराच्या तोंडाशी तपकिरी कडे आहेत.
येऊन गेलेल्या जहाजांची नावं
खलाशांनी त्यांवर रंगवून ठेवलीत.
बाबांच्या जहाजाचंही आहे म्हणे,
माझ्या जन्माआधीच्या वर्षीचं.
कमरेला दोर, हातात पांढऱ्या रंगाचा डबा,
वरून चौघांनी धरलेलं.
'शेवटचा अक्षर माझा,' एवढंच सांगायचे.
जहाज किती दिवस थांबलं, काय खाल्लं, घाबरलात का,
यातलं काही नाही.

लवू अनंत तारी, सिग्नलमन.
बावीस वर्षं दिव्याची झडप उघडली, मिटली.
वर्षातून एकदा निवतीला यायचे,
तेव्हा बोलणंही तसंच,
मोजून, मध्ये अंधार सोडून.
आई म्हणायची,
हे घरात असले की पंख्याचा आवाज ऐकू येतो.

मला त्यांनी एकच गोष्ट शिकवली,
माडाखाली, दोन सेलच्या टॉर्चवर:
समोरचा एक शब्द पाठवतो,
आपण एकदाच लांब उजेड करायचा.
म्हणजे, गावला.
नाही केला तर तो तोच शब्द पाठवत राहतो गो,
रात्रभर.
बाकीची अक्षरं मी पुढच्या सुट्टीवर ढकलली.
मग दहावी, मग नर्सिंग,
मग रुवीतलं हे हॉस्पिटल,
डायलिसिसची बारा यंत्रं आणि त्यांचे बारा सूर.

शेवटच्या व्हिडिओ कॉलवर
त्यांच्या घशात नळी होती.
उशाखालून त्यांनी टॉर्च काढला
आणि माझा सगळा पडदा पांढरा झाला.
विझला. पुन्हा पांढरा.
आई म्हणाली, ठेवा तो, सेल जातील.
मी म्हणाले, बाबा, तोंड दिसत नाही तुमचं.
मी तिकिटाची तारीख सांगत होते.
विमान गोव्याला उतरून मी घरी पोचले तेव्हा
पायरीवर चपला फार होत्या.

परवा वेंगुर्ल्याच्या कुबलकाकांना फोन केला.
लांब, आखूड, लांब, मी म्हटलं, याचं काय होतं?
काका थोडा वेळ गप्प. तेही सिग्नलमनच.
म्हणाले, एकच अक्षर आहे ते.
आधी पाठवलं तर, तुझ्याशी बोलायचं आहे.
शेवटी पाठवलं तर, माझं संपलं, आता तू बोल.
आधी होतं की शेवटी?

मला सांगता येईना.

आज दाद करीमनं होडी कड्याखाली नेली.
बलुची म्हातारा, दोन रियाल आधी घेतले,
आणि मान वर करून माझ्याबरोबर शोधत राहिला,
जणू त्याचंच कुणी लिहून गेलंय.
उन्हानं बरंच चाटून नेलेलं.
एका जागी रंगाचा ओघळ होता,
खाली आलेला, मध्येच सुकलेला,
अक्षराचा पाय असेल, नाहीतर
कुणाचा तरी डबा कलंडला असेल.
मी फोटो काढला नाही.

मशिदीतून बांग झाली. दाद करीमनं मोटर बंद केली.
कड्याचा रंग गेला, नुसता आकार राहिला.
मी मोबाईलचा टॉर्च लावला,
वर धरला,
आणि हात दुखेपर्यंत विझवला नाही.

मिळालं नाव? त्यानं हिंदीत विचारलं.
गावला, मी म्हटलं.
त्याला तो शब्द माहीत नव्हता.
त्यानं मान डोलावली आणि दोरी ओढली.
तीन वेळा ओढली, तेव्हा मोटर लागली.